घराचे वर्ष : जुनी भांडी, ऋतूंची मांडणी आणि वर-खाली विस्तव

चैत्र शुद्ध तृतीयेला चैत्रगौर झोपाळ्यात बसते आणि अक्षय्य तृतीयेला तिचा मुक्काम संपतो. या महिनाभरात अंगणात चैत्रांगण काढण्याची रीत आहे. शंख, चक्र, गदा, पद्म, गायीची पावले, कासव, सूर्य-चंद्र, तुळशीवृंदावन अशी चिन्हे रांगोळीने रेखायची, सडा घालताना आदले पुसून टाकायचे आणि पुन्हा नव्याने काढायची. जुन्या मराठी घरातली बहुतेक सजावट अशीच होती. ती महिन्या-पंधरा दिवसांसाठी मांडली जाई, तिथी सरली की उतरे, आणि तिच्या जागी पुढच्या महिन्याची मांडणी येई.

अलीकडच्या काळात 'व्हिंटेज' या नावाने घरसजावटीची जी आवड पसरली आहे, तिच्यात ही हालचाल सहसा दिसत नाही. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात चकचकीत केलेला तांब्याचा बंब, भिंतीवर टांगलेला लामणदिवा, काचेखाली ठेवलेले जाते हे सारे एकदा मांडले की वर्षानुवर्षे तसेच राहते. वस्तू जुनी असते, पण तिला वापराशी आणि ऋतूशी जोडणारा धागा तुटलेला असतो. हा प्रश्न केवळ अभिरुचीचा नाही. जुन्या घरातल्या वस्तू दोन-तीन पिढ्या टिकल्या त्या धातूच्या जाडीमुळे जितक्या, तितक्याच वर्षाकाठी ठरलेल्या दिवशी त्यांना हात लागत असे म्हणून. सण हे त्या घराच्या देखभालीचे वेळापत्रकही होते.

देखभालीचे पंचांग

आषाढ अमावास्या हे त्याचे उत्तम उदाहरण. या दिवशी घरातले सगळे दिवे खाली उतरवले जातात. समया, निरांजने, लामणदिवे, पणत्या, कंदील, काही घरांत अगदी बॅटरीसुद्धा. समईचे मळे सुटे करून काजळी आणि जुन्या तेलाचे कीट काढायचे, चिंच आणि राखेने किंवा रांगोळीने घासायचे, कोरडे पुसायचे, पाटावर मांडून पूजा करायची आणि कणकेच्या गोड दिव्यांचा नैवेद्य दाखवायचा. आषाढात हवा दमट असते. तेलकट पितळेवर हिरवट थर चढायला आणि मळ्यांचे आटे धरून बसायला हाच काळ. श्रावण-भाद्रपदाच्या पूजा तोंडावर आलेल्या असतात. 'दिव्यांची आवस' म्हणजे धार्मिक आचार खराच, पण वस्तुसंग्रहालयातला जतन-अधिकारी वर्षातून एकदा जे करील, तेच त्या दिवशी घरोघर होत असे.

खंडेनवमीला शस्त्रांबरोबर विळ्या, कोयते, आडकित्ते, कात्र्या यांना धार आणि तेल मिळे. दिवाळीपूर्वी भिंतींना चुना लागे. चुन्याचा हात केवळ पांढरेपणासाठी नसे, त्याने भिंतीतली कीड आणि बुरशीही आटोक्यात राहत असे. उन्हाळ्यात गोधड्या आणि गाद्या उन्हाला पडत. शाकारणी पावसाळ्याच्या आधी होई: कौले उतरवून, फुटकी बदलून, परत लावायची आणि आढ्याची वासे-पट्टी तपासायची. ज्या कौलारू घरांत दोन-तीन वर्षे शाकारणी चुकली, त्या घरांच्या तुळया वाळवीने आणि गळतीने गेल्याचे कोकणात कोणीही दाखवून देईल.

उन्हाळ्याची मांडणी ही मुळात गारव्याची मांडणी. वाळ्याचे पडदे दाराखिडक्यांना लागत आणि दुपारी त्यांच्यावर पाणी शिंपडले जाई. पाणी वाफ होताना उष्णता शोषते, म्हणून आत येणारी झुळूक थंड आणि सुगंधी असते. माठ आणि रांजण याच तत्त्वावर चालतात. त्यासाठी मातीची भांडी सच्छिद्र असावी लागतात, आणि म्हणूनच शोभेसाठी तैलरंगाने रंगवलेल्या माठात पाणी गार होत नाही. बाजारातल्या रंगीत माठांकडे पाहताना ही गोष्ट विसरली जाते. स्वयंपाकघरात याच दिवसांत चिनी मातीच्या बरण्या बाहेर येत. पांढऱ्या पोटाच्या आणि तपकिरी गळ्याच्या या बरण्यांना आज शोभेची वस्तू म्हणून चांगला भाव आहे. त्यांचे खरे काम लोणच्याचे. झिलईदार माती मीठ आणि आंबटाला दाद देत नाही, आणि दादरा बांधला की धूळ आत जात नाही. जुनी बरणी पुन्हा लोणच्यासाठी घ्यायची असेल तर आतल्या झिलईला तडा किंवा टवका नाही ना, हे उजेडात धरून पाहावे. तडा असेल तर तिच्यात पळ्या-उलथनी ठेवावीत, लोणचे नको.

पावसाच्या तोंडावर किनारपट्टीत 'आगोटीची बेगमी' होते. मीठ, मिरची, सुके मासे, आमसुले, लाकूडफाटा भरून घ्यायचा, आणि पडवीला झावळ्यांची झड बांधायची. घराचा दर्शनी चेहरा त्यामुळे चार महिने पुरता बदलून जातो. आत अंधार आणि ऊब, बाहेर ओल.

श्रावणात देवघराच्या भिंतीवर जिवतीचा कागद लागतो. नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, मुलांना खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती अशी चित्रे असलेला हा स्वस्त छापील कागद म्हणजे महाराष्ट्रातल्या लोकप्रिय चित्रकलेचा एक चिवट नमुना आहे. महिना संपला की तो उतरवला जातो, त्यामुळे जुने कागद फारसे उरत नाहीत. ज्यांच्या घरी एखादा जुना कागद पोथीत दुमडून राहिला असेल, त्यांनी तो जपावा.

माटोळी

ऋतूची सजावट म्हणून एकच नमुना निवडायचा झाला, तर तो गोव्यातल्या माटोळीचा निवडावा लागेल. सिंधुदुर्गात तिला माटवी म्हणतात. गणपतीच्या आसनावर छताला लाकडी चौकट टांगलेली असते आणि तिच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांना रानातली व परसातली फळे, फुले, पाने बांधली जातात. नारळाची पेंड, सुपारीचे शिपटे, केळीचा घड, तवसे, तोरिंजण, चिबूड ही परसातली मंडळी. पण माटोळीला शोभा येते ती रानातल्या वस्तूंनी. तांबडीलाल कवंडळे, कांगले, कळलावीची ज्वाळेसारखी फुले आणि नाना प्रकारचे वेल. यातल्या कित्येक वस्तू खाण्याच्या नाहीत, काही तर विषारी आहेत. कळलावीचा कंद जीवघेणा ठरू शकतो. त्यांना मान मिळतो तो भाद्रपदात त्या रानात दिसतात म्हणून.

माटोळी बांधण्यासाठी चतुर्थीच्या आधी रानात जावे लागते आणि कोणती वस्तू कुठल्या उतारावर मिळते ते ठाऊक असावे लागते. वडीलधाऱ्यांबरोबर गेलेल्या मुलांना अशा रीतीने दोन-तीन डझन वनस्पतींची नावे तोंडपाठ होत. आता चतुर्थीच्या बाजारात माटोळीचे सामान आयते मिळते. ज्यांना रान उरलेले नाही त्यांची त्यामुळे सोय झाली, पण ओळख मात्र विकत मिळत नाही. शिवाय मागणी वाढल्यावर काही रानवेली मुळासकट ओरबाडल्या जातात. फळ तोडले तर वेल राहतो, वेल उपटला तर पुढच्या वर्षी कवंडळच नाही. शहरातल्या सदनिकेत छताला चौकट टांगणे अनेकांना शक्य नसते. बांबूच्या चार काठ्यांची लहान चौकट पडद्याच्या दांडीला बांधून, मंडईत त्या आठवड्यात येणाऱ्या भाज्या-फळांनी तीच कल्पना साधता येते. प्लॅस्टिकच्या फुलांच्या माळा तेवढ्या दूर ठेवाव्यात, कारण त्यांना भाद्रपद ठाऊक नसतो.

तांबे, पितळ आणि कल्हई

जुन्या वस्तूंमध्ये सर्वाधिक मागणी आणि सर्वाधिक गैरसमज तांब्या-पितळेच्या भांड्यांविषयी आहेत. बंब, घंगाळ, हंडा, कळशी, फिरकीचा तांब्या, परात, सतेले, मोदकपात्र ही नावे अजून ओळखीची आहेत. पायली, शेर, अदपाव ही मापे मात्र माप म्हणून इतिहासजमा झाली. वजन-मापांचा मेट्रिक कायदा १९५६ साली झाला आणि १९५८ पासून तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. तेव्हापासून धान्य मोजण्याची ही मापे अडगळीत गेली, आणि आता त्यांच्यात रोपे लावलेली दिसतात. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत अजूनही हातोड्याने ठोकून मठारकाम केले जाते. मठारलेल्या भांड्यावरच्या एकसारख्या लहान खळग्यांमुळे उजेड खेळतो, हा त्याचा शोभेचा भाग. ठोकण्याने पत्रा कडक आणि भांडे पक्के होते, हा उपयोगाचा.

तांब्या-पितळेच्या भांड्यात ताक, चिंच, आमसूल किंवा टोमॅटो यांसारखे आंबट काही ठेवले की धातूचे क्षार पदार्थात उतरतात. तो हिरवट, तुरट आणि अपायकारक होतो. मराठीत या क्रियेला स्वतंत्र क्रियापदच आहे : पदार्थ 'कळकतो'. हे टाळण्यासाठी आतून कथलाचा पातळ थर देतात, तीच कल्हई. कल्हईवाला भात्याच्या भट्टीवर भांडे तापवतो, त्यात नवसागराची पूड टाकतो आणि कथलाची कांडी टेकवतो. पांढऱ्या धुराचा लोट उठतो, आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने सपासप फिरवताच काळवंडलेले भांडे क्षणात चांदीसारखे होते. नवसागर धातूवरचा गंज काढून पृष्ठभाग स्वच्छ करतो, म्हणून कथील धरते. कथील २३२ अंश सेल्सियसला वितळते. त्यामुळे कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये आणि त्यात कडक फोडणी करू नये. आमटी, भात, खीर यांसाठी ते उत्तम. चमच्याने खरवडले तरी कल्हई जाते, म्हणून लाकडी डाव वापरावा. आतून तांबूस वा पिवळा रंग डोकावू लागला की पुन्हा कल्हई करण्याची वेळ झाली असे समजावे.

पूर्वी हा कारागीर गल्लोगल्ली आरोळी देत फिरे. स्टेनलेस स्टील आले, पितळी भांडी मोडीत गेली, आणि त्याचा धंदाही त्यांच्याबरोबर गेला. आज काही शहरांत भांड्यांच्या जुन्या पेठेत तो शोधावा लागतो. शोधल्यावर एक खात्री मात्र करून घ्यावी : कथील शुद्ध आहे ना. स्वस्ताईसाठी त्यात शिसे मिसळलेले असेल तर कल्हई नसलेली बरी. केवळ पाणी भरून ठेवायचे असेल तर तांब्याच्या भांड्याला कल्हईची गरज नाही. दुकानांत मिळणाऱ्या शोभेच्या पितळी वस्तूंवर काळे पडू नये म्हणून पारदर्शक लाखेचा थर दिलेला असतो. त्या वस्तूंत खाण्यापिण्याचे काही ठेवू नये.

घासण्याविषयी दोन शब्द. रोजच्या वापरातले भांडे चिंचेने लखलखीत करायला हरकत नाही. पण जुन्या मूर्ती, नक्षीचे दिवे, कोरीव आडकित्ते यांच्यावर वर्षानुवर्षे चढलेला तपकिरी रंग हा मळ नव्हे. तो वस्तूचे वय सांगतो आणि खालच्या धातूचे रक्षणही करतो. खरखरीत पूड आणि तारेच्या घासणीने नक्षीची धार बोथट होते, आणि ती पुन्हा येत नाही.

अशा घरगुती वस्तूंकडे संग्राहकाच्या नजरेने महाराष्ट्रात फार लवकर पाहणारे गृहस्थ म्हणजे पुण्याचे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०), म्हणजेच कवी 'अज्ञातवासी'. राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि त्यांत राजेरजवाड्यांच्या ऐश्वर्यापेक्षा दिवे, आडकित्ते, पानाचे डबे, विळ्या, सोरे, दौती अशा रोजच्या वापरातल्या वस्तूंचा भरणा आहे. बाजारातून काही विकत घेण्यापूर्वी हे संग्रहालय एकदा डोळसपणे पाहिले, तर बनावट वस्तू ओळखण्याची अर्धी विद्या फुकट मिळते.

विकत घेताना

मुंबईतला चोरबाजार, पुण्यातला जुना बाजार आणि गावोगावचे भंगारवाले ही जुन्या वस्तूंची खरी उगमस्थाने. मोडीत येणाऱ्या भांड्याची किंमत वजनावर ठरते, शोभेच्या दुकानात तीच वस्तू नगावर विकली जाते. दोन्हींतला फरक कित्येक पटींचा असतो, आणि घरातला हंडा मोडीत देणाऱ्याला त्यातले काही मिळत नाही. म्हणून वाडा पाडताना किंवा घर बदलताना घाई करू नये, हे सांगणे भाग आहे.

कायद्याचीही जाण हवी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू ही 'पुरावस्तू' ठरते. हस्तलिखित पोथ्यांसाठी ही मुदत पंच्याहत्तर वर्षांची आहे. शिल्पे, चित्रे, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी आवश्यक असते, व्यापाऱ्याला परवाना लागतो, आणि खासगी व्यक्तीला अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशी राहणाऱ्या मुलांसाठी आजीच्या देव्हाऱ्यातली मूर्ती सामानात घालणाऱ्यांनी हे आधी तपासलेले बरे.

राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या जुन्या छापील प्रतींना, म्हणजे ओलिओग्राफांना, आज मोठी मागणी आहे. रविवर्मांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीच्या या छापांनी सामान्य मराठी घराची भिंत पहिल्यांदा रंगीत केली, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. खरा जुना छाप ओळखायचा तर साधे भिंग पुरते. शिळाछापात रंगाचे ठिपके अनियमित आणि दाणेदार दिसतात. आजच्या ऑफसेट छपाईत ते चार रंगांच्या नीटनेटक्या जाळीत बसलेले असतात. चहाच्या पाण्याने पिवळा केलेला कागद या परीक्षेत लगेच उघडा पडतो.

जुन्या घरांतल्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्यांविषयीही लिहायला हवे. मुंबईत १९२२ साली भारत टाइल्सने त्या बनवायला सुरुवात केली, त्यामागे परदेशी लाद्यांना देशी पर्याय देण्याची स्वदेशीची प्रेरणा होती. या लाद्या भट्टीत भाजत नाहीत. रंगीत सिमेंट साच्यात ओतून दाबाखाली घट्ट करतात आणि पाण्यात मुरवतात. म्हणून त्या घासून पुन्हा चमकवता येतात, आणि म्हणूनच ॲसिडने धुतल्यास कायमच्या खराब होतात. घराची दुरुस्ती करताना त्या फोडून टाकण्याऐवजी सावकाश उकरून घेतल्या, तर गच्चीच्या कोपऱ्यात किंवा ओट्यामागे पुन्हा बसवता येतात.

रंगवलेल्या जुन्या लाकडी पाळण्यांच्या, कपाटांच्या बाबतीत सावध राहावे. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१६ चा आहे. त्याआधीच्या रंगांत शिसे बरेच असू शकते. असा रंग घरात कोरडा घासला तर त्याची धूळ लहान मुलांना बाधते. ते काम मोकळ्या जागी, ओल्या घासकागदाने आणि मुलांना दूर ठेवून करावे.

वर-खाली विस्तव

'बेकिंग' हा शब्द मराठी घरात उशिरा आला, पण वरून आणि खालून उष्णता देऊन पदार्थ भाजण्याची क्रिया जुनी आहे. कोकणात पावसाळ्यात तवसे, म्हणजे मोठी काकडी, निघू लागली की धोंडस होते. काकडीचा कीस, भाजलेला रवा किंवा तांदळाच्या कण्या, गूळ, ओले खोबरे, वेलची एकत्र शिजवून घट्टसर झाले की मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यात थापायचे, झाकणावर निखारे ठेवायचे आणि खाली अगदी मंद आच ठेवायची. वरची बाजू खरपूस, कडा तांबूस आणि पोट ओलसर असलेला हा पदार्थ म्हणजे अंडे-मैद्याविना झालेला केकच होय. पाठारे प्रभूंचे भानोले याच पद्धतीने होते. खानदेश-विदर्भात गोवऱ्यांच्या निखाऱ्यात बट्ट्या आणि रोडगे भाजतात. बाहेरचे कवच करपले की राख झटकायची आणि फोडून तूप ओतायचे.

रायगडची पोपटी तर पूर्णपणे ऋतूची. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मडक्यात तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, कोणी अंडी किंवा कोंबडी घालतो, आणि वर पुन्हा पाला दाबून मडके उपडे ठेवायचे. भोवती काटक्या-पेंढा पेटवला की अर्ध्या-पाऊण तासात शेंगा स्वतःच्याच वाफेत भाजून निघतात. पाण्याचा थेंब लागत नाही.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांचे बेबिंक हे या कौशल्याचे शिखर मानता येईल. नारळाचा रस, अंड्याचे पिवळे बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ यांचे पातळ मिश्रण पळीपळीने ओतायचे. एक थर वरच्या निखाऱ्यांनी तांबूस झाल्यावरच त्यावर तूप सोडून दुसरा. सात थरांचे बेबिंक चांगले, सोळा थरांचे मानाचे. यासाठी अर्धा दिवस चुलीजवळ बसावे लागते, आणि एका थराला घाई झाली तर कापल्यावर ते लपत नाही. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकला भौगोलिक मानांकन मिळाले. नाताळात बेबिंक, दोदोल, नेवऱ्या, बोलिन्हा यांचे ताट शेजारी जाते; दिवाळीच्या फराळाचे ताट काही आठवड्यांपूर्वीच उलट दिशेने येऊन गेलेले असते.

भट्टीतली नानकटाई

देशावर आणि मुंबईत घरच्या भाजण्याचा खरा आधार होती ती गल्लीतली बेकरी. दिवाळीच्या आधी किंवा मे महिन्याच्या सुट्टीत घरून मैदा, तूप आणि साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई किंवा बिस्किटे भाजून आणायची, अशी पद्धत अनेक गावांत होती. काही ठिकाणी ती अजून आहे. पीठ कोणी घरून मळून नेई, कोणी तिथल्या लाकडी मेजावर मळून घेई. पत्र्याच्या ट्रेवर गोळे मांडायचे, ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि किलोमागे मजुरी द्यायची. आपले तूप दुसऱ्याच्या ट्रेत जाऊ नये म्हणून बायका भट्टीसमोरून हलत नसत.

या पद्धतीला विटांच्या भट्टीच्या स्वभावाचा आधार होता. लाकडांनी तापवलेली भट्टी पहाटे कडक असते, तेव्हा पाव भाजतात. पाव निघाल्यावर ती हळूहळू निवत जाते, आणि त्या उतरत्या आचेवर बिस्किटे आणि नानकटाई सर्व बाजूंनी सारखी, न करपता फुलतात. बेकरीवाल्याला निवत्या भट्टीतून चार पैसे मिळत, आणि घरात ओव्हन नसलेल्यांना भट्टी मिळे. 'नानकटाई' या नावाची व्युत्पत्ती फारसीतल्या नान, म्हणजे रोटी, आणि खताई, म्हणजे चीनकडची, अशी सांगतात. सुरतेच्या बेकऱ्यांतून ती मुंबईकडे आली असे मानले जाते.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. शहराच्या फुप्फुसांचा विचार करता हे योग्यच आहे. गॅस किंवा विजेची भट्टी मात्र काम संपताच बंद होते, तिला निवण्याचा दीर्घ काळ नसतो. तेव्हा शेजारपाजारच्या ट्रेंसाठी भट्टीत जी मोकळी वेळ उरत असे, ती आता मुद्दाम काढावी लागेल.

घरी करायची तर पाव किलो मैद्याला दीडशे ग्रॅम तूप आणि दीडशे ग्रॅम पिठीसाखर हे प्रमाण भरवशाचे आहे. दोन चमचे बेसन घातल्यास खमंगपणा येतो. तूप घट्ट, रवाळ असावे. पातळ केलेल्या तुपाने नानकटाई ट्रेवर पसरते. ते साखरेबरोबर हाताने एकाच दिशेने फेसायचे, पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत. पाण्यात थेंब टाकला तर तो तरंगला पाहिजे. या फेसण्यात तुपात हवा भरली जाते, आणि भाजताना तीच नानकटाईला फुलवते. मग मैदा, चिमूटभर खायचा सोडा, वेलदोडा-जायफळ हलक्या हाताने मिसळायचे. मळले तर ती चिवट होते. लिंबाएवढे गोळे किंचित दाबून, अंतर ठेवून मांडावेत आणि आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर पंधरा ते अठरा मिनिटे भाजावेत. वर भेगा पडल्या आणि खालची बाजू बदामी झाली की काढावी, वरचा रंग पालटण्याची वाट पाहू नये.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत दोन बोटे कोरडी, चाळलेली वाळू घालून ती दहा मिनिटे तापवावी, त्यावर तिवई आणि तिवईवर ताटली ठेवून वर घट्ट झाकण घालावे. रव्याचा केकही याच वाळूवर होई. वाळू हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे गॅसची आच एका जागी लागत नाही. वेळ थोडा जास्त लागतो. प्रेशर कुकर वापरणाऱ्यांनी शिटी आणि रबर काढून ठेवावे, आणि रोजच्या वरणभाताचा कुकर यासाठी घेऊ नये, कारण पाण्याविना तापवल्याने त्याचे बूड वाकते.

गरम नानकटाई हाताला मऊ लागते आणि कच्ची वाटते. ती तशीच ट्रेवर निवू द्यावी, उचलायला गेले तर भुगा होतो. पूर्ण गार झाल्यावर पत्र्याच्या डब्यात, प्रत्येक थरामध्ये कागद घालून ठेवली तर पंधरा दिवस खुसखुशीत राहते. पितळी डबा कितीही देखणा असला तरी कल्हईवाचून त्यात तुपाचा पदार्थ ठेवू नये.